‘पडद्यावरची आई’ हा गौरव मागे घ्या

रीमा लागू यांच्याविषयी मराठीत जे लिहिलं जातं त्याचा साचा आता इतका पक्का झाला आहे की नाव झाकलं तरी मजकूर ओळखता यावा. ‘हिंदी चित्रपटसृष्टीची लाडकी आई’ हे शीर्षक. खाली सलमान खानबरोबरचं छायाचित्र. मग ‘मैंने प्यार किया’, ‘हम आपके हैं कौन’, ‘हम साथ साथ हैं’ अशी नावांची माळ, ‘सोज्ज्वळ’ आणि ‘सहज’ ही दोन विशेषणं, आणि जागा उरलीच तर शेवटी एक ओळ: मराठी नाटकांतूनही त्यांनी भूमिका केल्या. १८ मे हा त्यांचा स्मृतिदिन आणि २१ जून हा जन्मदिवस, त्यामुळे महिनाभराच्या अंतराने हा मजकूर वर्षातून दोनदा वापरता येतो. दिल्ली-लखनौच्या वर्तमानपत्रांनी तो छापला तर माझी तक्रार नाही. त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं. पण मुंबई-पुण्याच्या पुरवण्यांनी तोच उचलावा आणि आपली रंगभूमी शेवटच्या ओळीत कोंबावी, याला मात्र ठाम विरोध करायला हवा. एका मोठ्या नटीच्या कामाचा हा चुकीचा हिशोब आहे आणि तो आपण आपल्याच हाताने मांडत आलो आहोत.

या साच्याची बाजू घेणारे एक युक्तिवाद नेहमी करतात. सिनेमा कोट्यवधी लोकांनी पाहिला. नाटक पाहून पाहून किती जणांनी पाहिलं असेल? लोकांच्या आठवणीत जे उरतं तेच कलावंताचं खरं काम, बाकी सगळं जाणकारांचं कौतुक. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण हाच न्याय डॉ. श्रीराम लागूंना लावून बघा. त्यांनीही हिंदीत ढीगभर चित्रपट केले. वडील झाले, न्यायाधीश झाले, डॉक्टर झाले, नायकाला चार शहाणपणाचे शब्द सांगून बाजूला झाले. तरी कोणी मराठी माणूस त्यांना ‘हिंदी सिनेमाचे लाडके वडील’ म्हणत नाही. तो ‘नटसम्राट’ म्हणतो, ‘हिमालयाची सावली’ म्हणतो. ज्याचा जन्मच त्या प्रयोगांनंतर झाला तोही हेच म्हणतो. तेव्हा किती डोळ्यांनी काय पाहिलं या मोजणीचा इथे काही संबंध नाही. नटाची किंमत ठरवताना आपण रंगभूमी प्रमाण मानतो आणि नटीची वेळ आली की हिंदी स्टुडिओने चिकटवलेली चिठ्ठी निमूटपणे वाचून दाखवतो.

तारखा बघा. ‘कयामत से कयामत तक’ १९८८ मध्ये आला. त्यात जुही चावलाची आई झाल्या तेव्हा रीमा लागूंना तिसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. साचेबंद लेख इथून सुरू होतात. त्याआधीची जवळजवळ दहा वर्षं त्यांना दिसतच नाहीत.

ती दहा वर्षं रिकामी नव्हती. माहेरचं नाव नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे या रंगभूमीवरच्या अभिनेत्री, ‘लेकुरे उदंड झाली’सारख्या गाजलेल्या नाटकात काम केलेल्या, म्हणजे विंगेतला वास लहानपणापासून ओळखीचा. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत. बालकलाकार म्हणून कॅमेऱ्याचीही ओळख झालेली. मग मुंबई, युनियन बँकेतली नोकरी, तिथेच काम करणाऱ्या विवेक लागूंशी लग्न आणि आंतरबँक स्पर्धांतल्या तालमी. मुंबईतल्या बँकांनी आणि गिरण्या-कारखान्यांच्या कामगार कल्याण केंद्रांनी मराठी रंगभूमीला किती नट पुरवले याचा हिशोब एकदा कोणी मांडायला हवा. दिवसभर काउंटरवर बसून संध्याकाळी तालमीला उभी राहणारी ही पिढी हौशी म्हणवली जायची, पण तिची शिस्त व्यावसायिकांना लाजवणारी होती. हे जाता जाता. मुद्दा असा की याच काळात जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’, गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ आणि श्याम बेनेगलांचा ‘कलयुग’ असे तीन चित्रपट रीमा लागूंच्या वाट्याला पाठोपाठ आले. भूमिका लहान होत्या, मान्य. पण ‘आक्रोश’मध्ये त्या नाचणारीण आहेत आणि ‘कलयुग’मध्ये महाभारताच्या आधुनिक रूपातली भीमाची बायको. आईपण ही यातल्या कुठल्याच भूमिकेची ओळख नाही. ज्या दिग्दर्शकांना काम कळत होतं त्यांना या चेहऱ्यात आई दिसली नव्हती.

आणि मग ‘पुरुष’. जयवंत दळवींचं नाटक, विजया मेहतांचं दिग्दर्शन, गुलाबरावाच्या भूमिकेत नाना पाटेकर आणि अंबिका म्हणजे रीमा लागू. एका ध्येयवादी शिक्षकाची मुलगी, स्वतःही शिकवणारी. सत्तेची चटक लागलेला गुलाबराव तिला फसवून बोलावतो आणि तिच्यावर बलात्कार करतो. कायदा हात झटकतो. ज्याच्यावर विश्वास टाकला तो पुरोगामी मित्रही मागे सरकतो. शेवटी अंबिका गुलाबरावाचं पुरुषपणच कापून टाकते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, सहकुटुंब नाटकाला येणाऱ्या मध्यमवर्गीय प्रेक्षकासमोर हे घडत होतं.

या दोन भूमिकांची बांधणी पाहण्यासारखी आहे. गुलाबराव दळवींनी लिहिलाच असा आहे की चांगल्या नटाला तो प्रवेशागणिक काहीतरी देत जातो. उर्मटपणा, विनोद, दहशत, सगळं मोठ्या आवाजात. अंबिकेला यातलं काही नाही. तिला सोसायचं आहे, गप्प राहायचं आहे, आणि त्या गप्प राहण्यात शेवटच्या कृतीची तयारी अशी साठवत न्यायची आहे की ती कृती झाल्यावर प्रेक्षकाला धक्का बसावा पण अविश्वास वाटू नये. थोडं जास्त दाखवलं तर शेवट आधीच कळतो. थोडं कमी दाखवलं तर शेवट लेखकाने लादलेला वाटतो. विजया मेहतांसारख्या काटेकोर दिग्दर्शिकेने हे ज्या नटीच्या हाती सोपवलं, तिच्या कारकिर्दीचा मध्यबिंदू सलमान खानच्या डोक्यावरून हात फिरवण्यात शोधायचा?

त्याच नाटकातल्या दोघांचं पुढे हिंदीत काय झालं तेही बघण्यासारखं आहे. नाना पाटेकर रीमा लागूंपेक्षा सात वर्षांनी मोठे. १९८९ मध्ये नाना ‘परिंदा’त अण्णा झाले, आणि त्या भूमिकेने त्यांना पुढची वाट मोकळी करून दिली. त्याच १९८९ मध्ये रीमा लागू ‘मैंने प्यार किया’त नायकाची आई झाल्या. एकाच रंगमंचावर समोरासमोर उभे राहिलेले दोन नट. मोठा होता तो तळपत राहिला. लहान होती तिच्या वाट्याला आरतीचं ताट आलं. हा फरक अभिनयाच्या कुवतीचा होता असं म्हणण्याची हिंमत ‘लाडकी आई’ लिहिणाऱ्यांपैकी कोणाची आहे का? नसेल, तर मग तो फरक ज्या व्यवस्थेने केला तिचीच भाषा आपण गौरव म्हणून का वापरतो?

‘सविता दामोदर परांजपे’चंही असंच. शेखर ताम्हाणे यांचं हे नाटक अलीकडच्या वाचकांना २०१८ च्या चित्रपटामुळे ठाऊक असेल. एका विवाहित बाईच्या शरीरात दुसरीच, मेलेली बाई येऊन बोलू लागते, ही त्याची कल्पना. पडद्यावर अशा गोष्टीला कॅमेरा मदत करतो, संगीत मदत करतं, संकलन मदत करतं. रंगमंचावर कुसुमची सविता होते ती नटीच्या आवाजात, मानेच्या कोनात, चालण्यात, आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत. ऐंशीच्या दशकात हे काम रीमा लागूंनी केलं, आणि ज्यांनी ते पाहिलं ते आजही त्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. ही ‘सोज्ज्वळ’ बाई भीती घालायची.

आता दुसऱ्या गटाकडे वळतो, कारण तो मला जास्त धोकादायक वाटतो. हा गट साचा नाकारतो पण हळहळतो. ‘एवढी गुणी नटी, हिंदीने आईच्या भूमिकांत वाया घालवली’ असा त्यांचा सूर. ऐकायला बरा वाटतो, सहानुभूतीचा वाटतो. पण नीट पाहिलं तर पहिल्या गटाचीच चूक इथे दुःखी चेहऱ्याने केलेली आहे. वाया गेली असं म्हणायला आयुष्याचा केंद्रबिंदू हिंदी सिनेमाच मानावा लागतो. एखादा आठवड्यातले दोन दिवस एका ठिकाणी काम करतो आणि पाच दिवस दुसरीकडे. दोन दिवसांच्या ठिकाणी बढती मिळाली नाही म्हणून त्याचं आयुष्य फुकट गेलं असं कोणी म्हणत नाही. रीमा लागू हिंदी चित्रपट करत होत्या तेव्हा नाटकही करत होत्या, दूरदर्शनही करत होत्या, मराठी चित्रपटही करत होत्या. हिंदीतली आई हे त्यातलं एक काम होतं. पैसा देणारं, ओळख देणारं, आणि एका चित्रपटात मोजक्याच दिवसांचं.

आणि दूरदर्शनबद्दल तर या हळहळणाऱ्यांना बोलायचंच नसतं. मालिका म्हणजे नटाची अधोगती, पोटासाठी केलेली तडजोड, हा समज मराठी नाट्यवर्तुळात अजून पक्का आहे. ‘मालिकांनी रंगभूमीची माणसं खाल्ली’ हे वाक्य कोणत्याही नाट्यविषयक परिसंवादात ऐकायला मिळतं. आजच्या दैनंदिन मालिकांच्या कारखान्याबद्दल त्यात तथ्य आहे. दिवसाला वीस-बावीस मिनिटांचा भाग बाहेर काढायचा तर तालीम कुठून होणार? पण हा नियम मागे नेऊन नव्वदच्या दशकातल्या विनोदी मालिकांना लावणं हा अडाणीपणा आहे.

‘श्रीमान श्रीमती’ १९९४ ची. शेजारी शेजारी राहणारी दोन जोडपी. केशव कुलकर्णी (जतीन कनाकिया) शेजारच्या नटीच्या, प्रेमा शालिनीच्या (अर्चना पूरणसिंग) नादी. तिचा नवरा दिलरुबा (राकेश बेदी) केशवच्या बायकोच्या, कोकीच्या नादी. कोकी म्हणजे रीमा लागू. साच्यात लिहिणाऱ्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावं. १९९४ च्या ऑगस्टमध्ये ‘हम आपके हैं कौन’ आला आणि त्यात रीमा लागू माधुरी दीक्षितच्या आई होत्या. त्याच वर्षी दूरदर्शनवर त्या अशी बाई साकारत होत्या जिच्यासाठी शेजारचा पुरुष वेडा झाला आहे. देशाने दोन्ही पाहिलं आणि कोणाला काही विसंगत वाटलं नाही. एका वर्षात एका नटीने प्रेक्षकाला दोन वयं, दोन घरं, दोन प्रकारचं बाईपण पटवून दिलं. यातलं एकच आपण लक्षात ठेवलं, आणि तेही कमी अवघड होतं ते.

कोकीचं काम अवघड का, तर प्रहसनात मध्यभागी उभ्या राहणाऱ्या शहाण्या माणसाचं काम नेहमीच सर्वांत अवघड असतं. बाकीचे तिघे धावपळ करतात, चेहरे वेडेवाकडे करतात, हशे घेतात. कोकीला घर सांभाळायचं आहे, नवऱ्याचा लाळघोटेपणा कळूनही तो कधी कळला हे ठरवायचं आहे, आणि शेवटी एका वाक्यात डाव उलटवायचा आहे. ते वाक्य अर्धा सेकंद आधी आलं तर फुकट, अर्धा सेकंद उशिरा आलं तर फुकट. हे गणित कॅमेऱ्यासमोर शिकता येत नाही, कारण तिथे हसणारा प्रेक्षक समोर नसतो. ते शिवाजी मंदिरात आणि गडकरी रंगायतनमध्ये, हशा विरायच्या बरोबर आधी पुढचं वाक्य सोडून सोडून अंगात भिनवावं लागतं. ‘तू तू मैं मैं’मध्ये तर दोन मराठी नट्या समोरासमोर होत्या. देवकी वर्मा ही सासू रीमा लागू, राधा ही सून सुप्रिया पिळगावकर, दिग्दर्शक सचिन. सासू-सुनेचं भांडण या शिळ्या विषयावर ती मालिका वर्षानुवर्षं चालली, याचं कारण कथेत शोधू नका, त्यात काही नव्हतं. दोघींच्या देवाणघेवाणीत शोधा. ती मराठी फार्सची तालीम होती, फक्त हिंदीतून चाललेली.

‘सहज’ या कौतुकाचा समाचार इथेच घेऊन टाकतो. रीमाताई अभिनय करायच्याच नाहीत, इतक्या सहज असायच्या, हे वाक्य मी थोरामोठ्यांच्या तोंडून ऐकलं आहे. नटाला असं म्हटलं की आपण त्याच्या मेहनतीचं श्रेय त्याच्या स्वभावाला देऊन मोकळे होतो. आणि बाईच्या बाबतीत तर पुढची पायरी तयारच असते: आईची भूमिका चांगली वठली, कारण बाई मुळातच मायाळू. मग अंबिका कशामुळे वठली? ‘नामकरण’ मालिकेतली दयावंती मेहता, ती कारस्थानी आजी, कोणत्या मायेतून आली? अरुणाराजेंच्या ‘रिहाई’त परपुरुषाची ओढ न नाकारणारी खेड्यातली बाई त्यांनी उभी केली, ती कोणत्या सोज्ज्वळपणातून?

आईच्याच भूमिका घ्यायच्या तर ‘वास्तव’ घ्या. तो १९९९ चा. पडद्यावरचा मुलगा संजय दत्त जुलै १९५९ चा, आई जून १९५८ ची. तेरा महिन्यांचं अंतर. चाळिशीच्या नटाला नायक म्हणून मिरवायचं आणि एकेचाळीस वर्षांच्या नटीला त्याची आई करायचं, हे हिंदी सिनेमाचं गणित हास्यास्पद आहेच. पण पडद्यावर ते हास्यास्पद दिसत नाही, आणि हे सगळं कर्तृत्व नटीचं आहे. महेश मांजरेकरांनी ती गोष्ट नातवाला सांगणाऱ्या आजीच्या तोंडी ठेवली आहे. म्हणजे गुंडाच्या चढत्या-पडत्या आयुष्यावरचा हा चित्रपट खरं तर शांताने, म्हणजे रीमा लागूंनी केलेल्या आईने, सांगितलेला आहे, आणि शेवटची गोळी झाडते तीही शांताच. स्वतःच्या पोटच्या पोराला मारणारी ही बाई ‘प्रेमळ आई’च्या माळेत ओवायची असेल तर ओवणाऱ्याने चित्रपट पाहिलेला नाही.

‘लाडकी’ या विशेषणाचीही एक गंमत सांगतो. ‘मैंने प्यार किया’, ‘आशिकी’, ‘हम आपके हैं कौन’ आणि ‘वास्तव’ या चार चित्रपटांसाठी त्यांचं नाव फिल्मफेअरच्या सहायक अभिनेत्रीच्या नामांकनांत होतं. पुरस्कार एकदाही मिळाला नाही. ज्या उद्योगाची ही लाडकी आई, त्याने चार वेळा दारापर्यंत बोलावून परत पाठवली. हा लाड आपण मराठीत टाळ्या वाजवून साजरा करतो.

यावर हमखास येणारा प्रश्न: त्यांनी स्वतःच त्या भूमिका स्वीकारल्या ना, मग तुमचा त्रागा कशासाठी? स्वीकारल्या, आणि उत्तम केल्या. निरूपा रॉय यांच्या काळातली शिलाई मशीनवर झुकलेली, दैवाला बोल लावणारी आई जाऊन मुलाशी मैत्रीने बोलणारी, नीटनेटकी, हसरी आई पडद्यावर आली ती रीमा लागूंच्या चेहऱ्याने, हे श्रेय त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ नये. माझं भांडण त्यांच्या निवडीशी नाहीच. कामगाराने कोणतं काम घ्यावं हे कामगार ठरवतो. पण तो गेल्यावर त्याच्या कामाची यादी लिहिणाऱ्याने सर्वांत जास्त खपलेला नग वर ठेवून बाकीचं गाठोड्यात बांधलं तर त्याला जाब विचारायला हवा.

आणि हे बाकीचं शेवटपर्यंत चालू होतं. गजेंद्र अहिरेंच्या ‘अनुमती’त आयुष्याच्या उतरणीवर एका थकलेल्या पुरुषाला भेटणारी जुनी मैत्रीण त्यांनी केली. इरावती कर्णिक यांच्या ‘छापा काटा’मध्ये त्या मुक्ता बर्वेसमोर रंगमंचावर उभ्या राहिल्या, आईच्याच भूमिकेत, पण ही आई हिंदी पटकथेतली आरतीवाली नव्हे, मुलीचा श्वास कोंडणारी. ‘कट्यार काळजात घुसली’ या चित्रपटात तर त्या दिसतही नाहीत. कट्यारीचा आवाज तेवढा त्यांचा. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं ज्या चेहऱ्याला आईचा चेहरा म्हटलं, तो काढून घेतला तरी काम उरतं हे सुबोध भावेंना कळलं होतं. १७ मे २०१७ च्या संध्याकाळपर्यंत त्या ‘नामकरण’च्या चित्रीकरणावर होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे हृदयविकाराने गेल्या. वय अठ्ठावन्न.

पुरवण्यांच्या संपादकांना माझी विनंती साधी आहे. पुढच्या १८ मे रोजी छायाचित्र ‘पुरुष’चं छापा. ते संग्रहात नसेल तर मिळवा. ज्या वर्तमानपत्रांनी त्या नाटकाची परीक्षणं छापली त्यांच्याच जुन्या गठ्ठ्यांत शोधा. शीर्षकात त्यांना अभिनेत्री म्हणा, तेवढं पुरे. आणि ज्या वाचकांनी ‘पुरुष’ किंवा ‘सविता दामोदर परांजपे’ रीमा लागूंच्या काळात पाहिलं, ते आज साठीच्या पुढे असतील. त्यांनी जे पाहिलं ते लिहून काढावं: अंबिका कुठे थांबायची, सविता पहिल्यांदा बोलायची तेव्हा आवाज कसा बदलायचा, थिएटरात काय व्हायचं. ते लिहिलं गेलं नाही तर आणखी वीस वर्षांनी खरोखरच फक्त सलमान खानची आई उरेल, आणि तेव्हा हिंदीवाल्यांना दोष देता येणार नाही.